अर्धविराम कुठं द्यायचा: मराठी पेपरला एक नियम, इंग्रजीला दुसरा

एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आणि आमच्या लातूरच्या अभ्यासिकांमधली पोरं गोल रंगवायचं सोडून पानंच्या पानं लिहायला लागली. मराठी आणि इंग्रजीचे पेपर 300-300 मार्कांचे, तिथं 25 टक्के मिळवून पात्र व्हायचं, पण निबंधाचे 250 मार्क मेरिटमध्ये धरतात. मी पोरांची उत्तरं वाचून देते, त्यात नवीन आलेल्यांच्या वहीत अर्धविराम (;) एकतर नसतोच, नाहीतर दम लागला तिथं दिलेला असतो.

यात पोरांचा दोष नाही. तलाठी, पोलीस भरतीसाठी आपण मराठी व्याकरणात पाठ केलेलं असतं की दोन पूर्ण वाक्यं पण, परंतु अशा उभयान्वयी अव्ययानं जोडली की त्याच्या आधी अर्धविराम. हे बरोबरच आहे. उदाहरण आपल्याच भागातलं घ्या:

भारत 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला; पण मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 ला निझामाच्या राजवटीतून मुक्त झाला.

आता ‘पण’ वर बोट ठेवा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाचा. दोन्ही आपापल्या पायावर उभ्या आहेत ना, मग अर्धविराम चालतो. मधे पूर्णविराम दिला असता तर चूक नव्हती, पण त्या तेरा महिन्यांचा विरोधाभास एका दमात पोचला नसता, आणि निबंधात तोच तर पोचवायचा असतो. उलट ‘जर पाऊस लांबला, तर सोयाबीन हातचं जाईल’ इथं डावी बाजू एकटी उभीच राहत नाही, म्हणून तिथं स्वल्पविरामच.

खरा घोळ इंग्रजीच्या पेपरात होतो, कारण तिथं ‘बट’ किंवा ‘अँड’ नं दोन वाक्यं जोडली तर आधी साधा कॉमा लागतो आणि सेमिकोलन, म्हणजे आपला अर्धविराम, येतो तो जोडशब्द नसतानाच: ‘द रेन्स फेल्ड; द वेल्स रॅन ड्राय.’ किंवा मग ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’ च्या आधी, आणि त्या शब्दानंतर परत कॉमा. मराठीची सवय तशीच इंग्रजीत नेली की प्रत्येक ‘बट’ च्या आधी सेमिकोलन पडतो आणि तपासणाऱ्याला ते लगेच खटकतं. तसं बघितलं तर चिन्ह इंग्रजीतूनच आलंय, मोडीत विरामचिन्हं नव्हतीच, एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी ती मराठीत आणली, पण इथं रुळताना त्याचा वापर जरा वेगळा झाला. म्हणून माझं म्हणणं एवढंच की दोन वह्या करा, मराठीची वेगळी, इंग्रजीची वेगळी, आणि एकाच दिवशी दोन्हींचा सराव करू नका.

दोन्ही भाषांत सारखा चालणारा वापर एकच, यादीतला. किल्ल्यांवर उत्तर लिहिताय समजा: ‘लातूर जिल्ह्यातले औसा, उदगीर; धाराशिवमधले नळदुर्ग, परांडा; नांदेडमधले कंधार, माहूर.’ इथं सगळीकडं स्वल्पविराम टाकून बघा, उदगीर कुठं संपलं आणि धाराशिव कुठं सुरू झालं कळतच नाही. जीएसच्या (सामान्य अध्ययनाच्या) पेपरात हे फार कामाला येतं आणि पोरं नेमकं हेच वापरत नाहीत.

सारांशलेखनातही बघा, ‘आणि त्यामुळे’, ‘तसेच याशिवाय’ असले शब्द काढून तिथं अर्धविराम बसतो का ते तपासायचं, शब्दमर्यादेत येताना मदत होते. पण एका परिच्छेदात एक, फार तर दोन. त्याहून जास्त झाले तर वाक्यंच तोडा.

आणि हातानं लिहिताना वरचा ठिपका ठळक काढा हो. घाईत तो उमटत नाही, आणि तपासणाऱ्याला स्वल्पविराम दिसतो.