सहा बटणांत कमांड दुरुस्त

आर्णीकडच्या आमच्या गावात नेटवर्क स्लॅबवर चढल्यावरच दोन दांड्या दाखवते. तिथूनच मी एका जिनिंगचा सर्व्हर सांभाळतो. टाइप केलेली कमांड दुरुस्त करायला डावा बाण दाबला की तो सर्व्हरपर्यंत जाते, परत येते, तेव्हा कुठं कर्सर हलते. चाळीस वेळा दाबा, मग कर्सर कुठं थांबला ते पाहत बसा.

राजेहो, बाण सोडा. बॅशमध्ये, म्हणजे आपल्या कमांड घेणाऱ्या प्रोग्राममध्ये, टाइप करा (अर्थात इंग्रजी अक्षरांत): सेट -ओ व्हीआय. मग कमांडच्या ओळीवर व्हीआय या जुन्या एडिटरची बटणं चालतात. सर्व्हरवरच करा, कारण बटणं तिथला बॅश वाचते. कायमचं हवं तर हीच ओळ तिथल्या .बॅशआरसी (बॅश सुरू होताना वाचते ती) फाइलच्या शेवटी टाका.

आता समजा, 2024 च्या हंगामाच्या वजनपावत्या कॉपी करायची लांबलचक कमांड काल दिली होती, आज 2025 च्या हव्यात. एस्केप दाबा, के दाबा; जुनी कमांड येते, कर्सर सुरुवातीला. मग एफ आणि 4: कर्सर थेट पहिल्या 4 वर. आर आणि 5: झाला बदल. सहा बटणं, मग एंटर. पुढं आणखी एक 4 बदलायचा असंल तर अर्धविराम दाबून तिथं जा आणि टिंब दाबा, मागचाच बदल परत होते. पूर्ण शब्द बदलायला सी-डब्ल्यू. बिल जॉयनं व्हीआय लिहिला तेव्हा त्याच्याकडं 300 बॉडचा, म्हणजे फारच हळू, मोडेम होता. त्याचं दुखणं आपल्यासारखंच.

कमांड फारच लांब असंल तर एस्केपनंतर व्ही दाबा, ती एडिटरमध्ये उघडते. पण जपून. मी एकदा आरएमची (फाइली पुसणाऱ्या कमांडची) ओळ अशी उघडली, नको वाटलं म्हणून न बदलता बाहेर पडलो. ती तरी चालली! गेल्या हंगामाचं फोल्डर साफ. पेनड्राइव्हवर प्रत होती म्हणून वाचलो. बेत रद्द करायचा तर आधी सगळ्या ओळी डीडीनं पुसा, सेव्ह करा, मग बाहेर पडा.

स्क्रीन साफ करायचं कंट्रोल-एल टायपिंग चालू असताना चालत नाही, आधी एस्केप. पहिले चार दिवस बोटं चुकतात, शिव्याही निघतात. नाहीच जमलं तर सेट -ओ ईमॅक्स, की मूळची बटणं परत: कंट्रोल-ए सुरुवातीला, कंट्रोल-ई शेवटी.