जर्मनीत शिकायला जाताय? आधी तिथली घडी समजून घ्या

यवतमाळ-वाशीमकडच्या पोट्ट्यांना निघायच्या आधी जो तो सांगतो, तिकडचं आयुष्य लय फास्ट असतं. हे अर्धंच खरं. लेक्चर आणि भेटीच्या वेळा मिनिटाला बांधलेल्या असतात. सरकारी कामं मात्र आपल्या तहसील कचेरीलाही लाजवतील इतकी सावकाश चालतात. आपल्याकडे बाकावर बसून राहिलं की साहेब कधी ना कधी बोलावतो. तिथे 'टर्मिन', म्हणजे आधी घेतलेली वेळ नसेल, तर बहुतेक ठिकाणी दारातूनच परत यावं लागतं.

खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. पासपोर्ट, फॉर्म आणि घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. मोठ्या शहरांत टर्मिन मिळायलाच कित्येक आठवडे जातात, म्हणून खोली पक्की झाली की गावात बसूनच ऑनलाइन वेळ घ्या. घरमालकाचं पत्र चावी घेतानाच मागा, नंतर तो फोन उचलेलच असं नाही. व्हिसा बहुधा काही महिन्यांचाच असतो. तो संपायच्या आत निवास परवान्याचा अर्ज गेला पाहिजे.

पत्रपेटीकडे कोणीच लक्ष देत नाही आणि तिथेच गाडी अडते. करक्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचं कार्ड सगळं पोस्टाने येतं. पिन तर बहुतेकदा कार्डापासून वेगळ्या पाकिटात. गावात पोस्टमन बापाचं नाव ओळखतो, घराला कुलूप असलं तर पत्र किराणा दुकानात ठेवतो. तिथे पेटीवर आडनाव नसेल तर पत्र सरळ परत जातं. पासपोर्टवर आहे तसंच आडनाव कागदावर लिहून पहिल्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर चिकटवा.

अभ्यासात सगळ्यात मोठा घोळ होतो. हजेरी बऱ्याच विषयांत नसते, अधूनमधून चाचण्याही नसतात, त्यामुळे ऑक्टोबर ते जानेवारी निवांत वाटतं. हिशोब मांडून बघा: एक क्रेडिट म्हणजे साधारण 30 तासांचं काम. पाच क्रेडिटचा विषय 150 तासांचा. आठवड्याला चार तास वर्ग धरले तर 15 आठवड्यांत 60 तास होतात. उरलेले 90 स्वतःचे, म्हणजे दर आठवड्याला सहा. असे सहा विषय असले तर शेवटच्या पंधरा दिवसांत 'मारून नेणं' जमणारच नाही. शिवाय परीक्षेची नोंदणी आपली आपल्यालाच पोर्टलवर करावी लागते. मुदत हुकली की पेपरला बसता येत नाही, आणि नापास होऊन पुन्हा बसायच्या संधीही मोजक्याच असतात. वेळापत्रकात दहापुढे 'सी.टी.' असेल तर वर्ग सव्वादहाला भरतो, 'एस.टी.' असेल तर दहाच्या ठोक्याला. (ही एस.टी. वेळेवर सुटते.)

रविवारी दुकानं बंद. आठवडी बाजार चुकला तर आठ दिवस काय होतं हे ज्याला माहीत आहे, त्याला हे सांगावं लागत नाही: शनिवारी दूध, भाजी, पीठ भरून ठेवायचं. रात्री दहानंतर आणि रविवारी मिक्सरवर चटणी वाटू नका, शेजारी खरंच तक्रार करतात.

डिसेंबरात बर्लिनला सव्वाआठला उजाडतं आणि चारच्या आत मावळतं. विदर्भातल्या उन्हात वाढलेल्या माणसाला थंडीपेक्षा हा अंधार जास्त लागतो. झोप बिघडते, सकाळचे वर्ग बुडतात. दुपारी बाराच्या सुमारास अर्धा तास बाहेर चालायचंच, आभाळ असलं तरी.

घरच्या फोनची वेळ ठरवून टाका. उन्हाळ्यात फरक साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार. कापूस वेचणीच्या दिवसांत घरचे नऊलाच झोपतात, तेव्हा तिथे साडेचार वाजलेले असतात आणि तुम्ही बहुधा वर्गात असता. रविवारी दुपारी तीनला लावा. हिवाळ्यात गावात साडेसात झालेले असतात, आईचा स्वयंपाकही आटोपलेला असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ तासभर पुढे जातं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. हे घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या दिवशी ते उगाच फोनची वाट बघत बसतात.