बाखचं 'एअर' मिक्स करताय? या चुका टाळा

मागे एका रिसेप्शनला नवरा-नवरीच्या प्रवेशासाठी बाख या जर्मन संगीतकाराचं 'एअर' लावायचं ठरलं. नेटवर पट्टी पाहिली: डी मेजर. फाइलच्या नावापुढे तसं लिहून टाकलं, डी मेजरमधलाच पियानोचा एक ट्रॅक खाली जोडला आणि निवांत झालो. हॉलमध्ये वाजायला लागल्यावर पहिल्याच ओळीला पेटीवाले काका मान वळवून माझ्याकडे बघायला लागले. नंतर म्हणाले, "अरे, पियानो पांढरी दोनला आणि व्हायोलिन काळी एकला. ऐकलं नाहीस का?"

नव्हतं ऐकलं. वाचलं होतं.

पट्टी रचनेची नव्हे, हातातल्या रेकॉर्डिंगची बघा

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर. 'एअर' ही बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रा सुइटमधली (बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही १०६८) संथ रचना. मूळ पट्टी डी मेजर, म्हणजे आपली पांढरी दोन. कॅमेलॉट चाकावर (डीजे लोक पट्ट्यांना आकडे देऊन मांडतात ते चक्र; शेजारच्या आकड्यांच्या पट्ट्या एकमेकींशी जुळतात) १०बी. पुढे १८७१ मध्ये ऑगुस्ट विल्हेल्मी या जर्मन व्हायोलिनवादकाने ती एकल व्हायोलिनसाठी सी मेजरमध्ये उतरवली, अख्खी धून सर्वात खालच्या जी तारेवर वाजावी म्हणून. 'एअर ऑन द जी स्ट्रिंग' हे नाव खरं तर या आवृत्तीचं. ती पांढरी एकला, चाकावर ८बी. पण आता मूळ डी मेजरच्या रेकॉर्डिंगवरही सर्रास हेच नाव छापलेलं असतं. वर काही जण नावातला जी पाहून ९बी लिहून मोकळे होतात. जी ही तार आहे, पट्टी नव्हे!

तिसरा घोळ माझ्यासारखा. जुन्या धाटणीची वाद्यं वापरणारे वाद्यवृंद बहुधा ए हा सूर ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झला लावतात. हा फरक जवळजवळ बरोबर एका अर्ध्या सुराचा. कागदावर डी मेजर असलं तरी कानाला डी फ्लॅट मेजर येतं: काळी एक, चाकावर ३बी. एकाच रचनेचे तीन आकडे, आणि तिन्ही खरे.

उपाय साधा आहे. पेटी किंवा कीबोर्ड घ्या आणि शेवटचा सूर जिथे विसावतो तो सा शोधा. सुरुवातीच्या सुरावरून ठरवू नका, कारण धून सुरू होते ती लांबलचक गंधारावर. पट्टी जुळत नसेल तर व्हायोलिनला हात न लावता दुसरा ट्रॅक सरकवा. एक अर्धा सूर म्हणजे १०० सेंट. की-लॉक (वेग आणि पट्टी वेगवेगळी ठेवणारं बटण) बंद असेल तर तेवढ्यासाठी वेगही सुमारे ६ टक्के बदलतो, तेव्हा आधी ते बटण बघा.

आधुनिक ऑर्केस्ट्राही पुष्कळदा ४४२ ला मिळवलेले असतात. फरक जेमतेम ८ सेंटचा, पण ४४० चा सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) त्यावर धरला तर ए या सुरावर सेकंदाला दोन लहरी घुमतात. स्पीकर खराब आहे असं वाटतं, तो बिचारा ठीक असतो. सिंथ ८ सेंट वर घ्या.

लयीचा आकडा दुप्पट का दिसतो?

चार ठोक्यांचं माप आहे आणि चाल फार संथ. बास मात्र अर्ध्या-अर्ध्या ठोक्याला पाऊल टाकत चालतो. सॉफ्टवेअर ती पावलं मोजतं, म्हणून मिनिटाला ३० ऐवजी ६० ठोके दाखवतं; कधी आणखी दुप्पट करून १२०. मग लोक १२० च्या डान्स ट्रॅकला ग्रिड (सॉफ्टवेअरमधल्या समान ठोक्यांच्या रेषा) जुळवायला जातात आणि चौथ्या मापापर्यंत सगळं विस्कटतं, कारण वाजवणारे क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) वाजवत नाहीत.

त्यापेक्षा हिशोब करा. रचना १८ मापांची: पहिला भाग ६, दुसरा १२. दोन्ही भाग दोनदा वाजवले असतील तर ३६ मापं, १४४ ठोके. रेकॉर्डिंग ४ मिनिटं ४८ सेकंदांचं असेल तर सरासरी लय ३० आली. पण ती सरासरीच. शेवटी लय उतरतेच. ग्रिड ताणून तारवाद्यांचा आवाज पत्र्यासारखा करण्यापेक्षा प्रत्येक मापाच्या सुरुवातीला हाताने खूण टाका.

खाली तानपुरा धरू नका

हा मोह आपल्याकडच्यांना हमखास होतो. वर गंधार लांबवलेला, शांत वातावरण, मग खाली सा-प का नको? कारण बास तिथे थांबलेला नसतो. सा, नी, ध, प असा तो एकेक पायरी खाली उतरतो, प्रत्येक सूर दोन सप्तकांत वाजवत. बास नी वर आला की तुमचा सा त्याला घासतो. वरची धून न हलता खालची जमीन हलते, यातच तर या रचनेची सगळी मजा आहे. ती झाकायची कशाला?

चाक म्हणजे कान नव्हे

शेजारचा आकडा सुरक्षित, हा नियम बहुतेकदा चालतो. 'एअर'चा पहिला भाग ए मेजरवर (११बी) थांबतो, म्हणजे तिथून ११बी मध्ये जाणं अगदी सहज. पण डी मायनर ७ए आणि डी मेजर १०बी चाकावर दूर दिसतात, तर आपल्या कानाला सा तोच राहतो, फक्त ठाट बदलतो. इटालियन संगीतकार मॉन्टीच्या 'चार्दाश'मध्ये ही ये-जा एकाच रचनेत होते, संथ लयीतून एकदम जलदही. त्या फाइलला एक पट्टी आणि एक बीपीएम (मिनिटाचे ठोके) चिकटवणं निरर्थकच.

प्रवेश लांबला तर काय करायचं, हे मात्र आधी ठरवून ठेवा. दुसऱ्या भागाचा शेवट लूप करू नका, उतरलेली लय लगेच उघडी पडते. पहिली ६ मापं फिरवा. बाखनेच ती दोनदा वाजवायला सांगितली आहेत, त्यामुळे जोड कळत नाही. ३० च्या लयीत ती २४ ठोक्यांची, म्हणजे नवरीचा शालू पायरीवर अडकला तरी तुमच्या हाताशी आणखी ४८ सेकंद आहेत.