तक्रारीआधीची तयारी: निरीक्षकाला जागेवर काय दिसणार?

नगरपालिकेकडे तक्रार करायचं ठरलं की अर्ज लिहिण्याआधी एकच विचार करा: पाहणीला आलेला निरीक्षक या जागी उभा राहून नेमकं काय बघणार? ‘आम्हाला फार त्रास होतो’ एवढ्यावर नोटीस निघत नाही. कोणत्या जागी, केव्हा, कोणता नियम मोडला आणि ते कसं आढळलं, हे नोटिशीत लिहावं लागतं, कारण समोरचा अपिलात गेला तर ती तिथे टिकायला हवी.

सगळ्यात आधी एक साधी वही सुरू करा. तारीख, सुरू कधी झालं, थांबलं कधी, धूर किंवा दुर्गंध असेल तर वारा कुठून होता. निदान दोन आठवडे रोज लिहा, आणि ज्या दिवशी काहीच घडलं नाही तो दिवसही लिहा. अशा कोऱ्या दिवसांमुळेच वहीवर विश्वास बसतो. शिवाय पाहणी कधी व्हावी हे त्या वहीतूनच कळतं. कचरा रात्री अकराला पेटत असेल आणि माणूस सकाळी अकराला आला, तर अहवालात ‘काही आढळून आले नाही’ असंच येणार, आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून कोणत्या वारी, किती वाजता यावं, हे अर्जातच लिहा.

फोटो दोन प्रकारचे हवेत. एक लांबून, जागा ओळखू येईल असा, दुसरा जवळून. जिन्याच्या वळणावर कुणी कपाट ठेवलं असेल, तर नुसता कपाटाचा फोटो पुरत नाही. कपाट आणि कठडा यांच्यामध्ये टेप ताणून धरा आणि उरलेल्या जागेचा आकडा वाचता येईल असा फोटो घ्या. ‘अडगळ आहे’ याचे दोन अर्थ निघतात, ‘45 सेंटीमीटर उरलेत’ याचा एकच. जिन्यातून एकाच वेळी खाली येणारी माणसं आणि वर जाणारे अग्निशमन जवान डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हा आकडा का महत्त्वाचा ते कळेल. फोटोत मुलांचे चेहरे येऊ देऊ नका.

आवाजाचं प्रकरण असेल तर मोबाइलमधल्या मापकावर भिस्त ठेवू नका. तो प्रमाणित नसतो. वेळ आणि चढउतार दाखवायला ठीक. मात्र 10 डेसिबलचा फरक किरकोळ समजू नका: ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. अधिकृत मोजणी कुठून व्हावी, तुमच्या खिडकीतून की रस्त्यावरून, हे आधीच विचारून ठेवा.

गॅसचा वास, लोंबकळणारी वीजतार, कललेली भिंत यांना वरचं काहीही लागू नाही. तिथे वही नको, फोटोही नको. लांब व्हा, इतरांनाही लांब करा आणि आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

अर्ज कोणत्या विभागाचा, एवढी चौकशी करून घ्या, नाहीतर तो टेबलं फिरत राहतो. पोच घ्या, तक्रार क्रमांक लिहून ठेवा, नाव गोपनीय राहील का ते विचारा.

पुढे बहुधा समज, मग नोटीस, मुदत, फेरपाहणी आणि त्यानंतर दंड किंवा टाळं अशा पायऱ्या असतात. समोरच्याला बाजू मांडायची संधी मिळते आणि ती मिळायलाच हवी. उद्या नोटीस आपल्या दारावरही लागू शकते. मुदतीकडे मात्र लक्ष ठेवा. साचलेल्या पाण्यात, उबदार हवेत, अंड्यापासून पूर्ण डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात, म्हणून तिथे महिन्याची मुदत कुचकामी. आठवड्याच्या आत फेरपाहणी मागा आणि पिंप नुसतं रिकामं न करता आतून घासायला लावा, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही काही महिने तग धरतात.

मुदत संपेल त्या दिवशी त्याच जागेवरून, त्याच कोनातून पुन्हा फोटो काढा. काम झालेलं असेल तर तेही लेखी कळवा. तेवढीच एक फाइल मिटते आणि निरीक्षक दुसऱ्या कुणाच्या जिन्याकडे जाऊ शकतो.