कर्ज देणाऱ्याचा हेतू आकड्यांत कसा शोधावा

नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेने 50 कोटी युरो आणि फ्रान्सच्या एएफडी या सरकारी विकास संस्थेने 13 कोटी युरो कर्ज दिले. ‘कर्ज देणारा आपला माल खपवतो’ हा आपल्याकडचा लाडका समज इथे लावून पाहा. डबे चीनच्या सीआरआरसीचे, सिग्नल यंत्रणा जर्मनीच्या सिमेन्सची, सल्लागारांच्या गटात फ्रान्सच्या सिस्ट्रा आणि एजिस. बाजूनेही पुरावा, विरोधातही. एका प्रकल्पावरून काही ठरत नाही. एमएच्या प्रबंधाला त्यातून फक्त प्रश्न मिळतो.

तो प्रश्न अरुंद हवा. ‘मदतीत राजकारण असते का’ हे मोजता येत नाही. ‘सुरक्षा परिषदेचा अस्थायी सदस्य असताना देशाला जास्त मदत मिळते का’ हे येते. अस्थायी जागा दहा, दरवर्षी पाच भरतात, मुदत दोन वर्षांची, लगेच फेरनिवड नाही. म्हणजे त्याच देशाची आतली आणि बाहेरची वर्षे ताडून पाहता येतात. कुझिएम्को आणि वर्कर या संशोधकांच्या 2006 च्या अभ्यासात सदस्यत्वाच्या काळात अमेरिकेची मदत 59 टक्क्यांनी वाढलेली दिसते. नवे काही मांडण्याआधी हाच निकाल स्वतःच्या तक्त्यात निघतो का ते पाहा.

तक्त्याची एक ओळ म्हणजे एक देश, एक वर्ष. देशांची नावे जुळवत बसू नका, प्रत्येक देशाचा ठरलेला तीन अक्षरी आयएसओ कोड वापरा.

खरी गफलत तारखांत होते. देणाऱ्या देशांच्या मदतीचा हिशेब ठेवणाऱ्या ओईसीडी या संघटनेची आकडेवारी जानेवारी ते डिसेंबर, जागतिक बँकेचे वर्ष जुलै ते जून, आपले एप्रिल ते मार्च. ऑगस्ट 2011 मध्ये मंजूर झालेले कर्ज बँकेच्या हिशेबात 2012 चे असते. सदस्यत्व मात्र 1 जानेवारीला सुरू होते. म्हणून बँकेच्या वार्षिक बेरजा घेऊ नका. प्रत्येक प्रकल्पाची मंजुरीची तारीख घेऊन स्वतः बेरीज करा. मंजूर रक्कम आणि वितरित रक्कमही वेगळ्या ठेवा. राजकीय निर्णय मंजुरीत दिसतो. पैसा कामाच्या गतीने पुढे कित्येक वर्षे येत राहतो, आणि परतफेड वजा केलेला निव्वळ आकडा तर शून्याखालीही जातो. रकमा स्थिर किमतींत, म्हणजे महागाईचा परिणाम काढून, हव्यात. ओईसीडीने 2018 पासून मुख्य आकडा अनुदान-तुल्य पद्धतीने, म्हणजे कर्जातला सवलतीचा भागच मदत धरून, मोजायला घेतला, तेव्हा जुन्या मालिकेला नवी जोडू नका.

टक्क्यांतला बदल मोजायला रकमेचा लॉग (लॉगरिदम) घेतात, पण मदत शून्य असलेल्या ओळींना तो लागत नाही. सर्रास 1 मिळवून लॉग घेतात, पण मग रक्कम डॉलरमध्ये की दशलक्ष डॉलरमध्ये यावर निकाल बदलतो. त्यापेक्षा शून्ये तशीच चालणारी पॉयसन रिग्रेशन ही पद्धत बरी. देश आणि वर्ष दोन्हींचे फिक्स्ड इफेक्ट घाला, म्हणजे देशाचे कायमचे वेगळेपण आणि त्या वर्षी सगळ्यांवर झालेला परिणाम बाजूला निघतो. स्टँडर्ड एररचे, म्हणजे अंदाजातल्या अनिश्चिततेच्या मापाचे, क्लस्टर देशानुसार करा, कारण एकाच देशाच्या ओळी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात.

मग सदस्यत्वाच्या आधीची वर्षे तपासा. भारत 2011-12 आणि 2021-22 मध्ये सदस्य होता. निवडणूक आदल्या वर्षी झाली, त्यामुळे आदल्या वर्षी थोडी हालचाल समजण्यासारखी आहे. पण तीन-चार वर्षे आधीच मदत वाढताना दिसली, तर निवडून येणारे देश मुळातच वेगळे आहेत असे समजा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अमेरिकेच्या बाजूने पडलेली मते नियंत्रक (ज्याचा परिणाम वजा करायचा तो घटक) म्हणून घालण्याचा मोह टाळा. तीच कदाचित मदतीने विकत घेतलेली असतात. ती घातली की शोधायचा परिणामच समीकरणातून निघून जातो.