जैसलमेरला उंटावर बसणार आहात? सोलापूरकरांसाठी थोडं

जैसलमेरला निघालेली आपली माणसं मला आधी उन्हाचं विचारतात. ऊन आपल्याला नवं नाही, ४३ अंश आपण दर उन्हाळ्यात सोसतो. तयारी करायची ती थंडीची. सफारीचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. डिसेंबर-जानेवारीत सूर्य बुडाला की वाळू झटक्यात निवते आणि तंबूत हुडहुडी भरते. स्वेटर, कानटोपी आणि सोलापुरी चादर घ्याच. उंटावर बसताना हीच चादर घडी करून खोगिरावर टाका, कारण खाली लाकडी सांगाडा असतो आणि मांड्या सोलवटतात.

खरी परीक्षा उंट उठतो तेव्हा. तो आधी मागचे पाय ताठ करतो, त्यामुळे आपण एकदम पुढे फेकले जातो. म्हणून आधीच मागे रेला आणि खोगिराची मूठ दोन्ही हातांनी धरा. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही मागेच रेलायचं. मोबाइल चेनच्या खिशात ठेवा. चालताना त्याचे एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम पडतात, म्हणून अंग डावी-उजवीकडे डुलतं. कंबर सैल सोडा, ताठ बसलात तर पाठ धरलीच. बायकांनी सलवार घालावी. पाचवारीत पाय टाकता येत नाही. माझ्या सासूबाई मात्र नऊवारीत ऐटीत बसल्या होत्या.

सम हे वाळूच्या टेकड्यांचं गाव जैसलमेर शहरापासून साधारण ४० किलोमीटर, पण तिथे जीपगाड्यांचा फार गोंगाट. मी खुडी गावाकडेच जायला सांगते. पैसे देण्याआधी ठरवून घ्या: उंट किती वेळ चालणार, एका उंटावर किती जण, जेवण धरून की वेगळं. आणि उंटाकडे नीट बघा. पाठीवर जखम असेल किंवा नाकातून रक्त येत असेल, तर दुसरा उंट मागा. उगाच पळवायला सांगू नका.

एक सकाळ मरू राष्ट्रीय उद्यानासाठी राखून ठेवा. ज्या माळढोकासाठी १९७९ साली आपल्या नान्नजचं अभयारण्य झालं, त्यातले देशात उरलेले बहुतेक पक्षी आता जैसलमेरकडेच आहेत. आपल्या माळावरचा पक्षी तिकडे तरी बघायला मिळावा, असं मला मनापासून वाटतं. उजाडायच्या आत निघा, दुर्बीण न्या, स्थानिक वाटाड्या घ्या आणि पक्षी दिसला तरी गाडीतून उतरू नका.