पंख्याच्या खोक्यावरील आकडे वाचताना या चुका टाळा

नाशिकच्या हवेचे आपण कितीही कौतुक केले, तरी एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि शहरातील विजेच्या सामानाच्या दुकानांत पंख्यांसाठी गर्दी होते. त्या गर्दीत सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न ‘स्पीड किती?’ हा असतो, आणि पहिली चूक तिथेच होते.

आरपीएम हा आकडा पंखा मिनिटाला किती फेरे घेतो एवढेच सांगतो. खाली बसलेल्या माणसाला हवा किती मिळेल, हे पात्यांची लांबी, रुंदी आणि त्यांचा तिरपेपणा यांवरही अवलंबून असते. त्यामुळे अरुंद पात्यांचा ४०० फेऱ्यांचा पंखा रुंद पात्यांच्या ३५० फेऱ्यांच्या पंख्याहून कमी हवा देऊ शकतो, आणि आवाज मात्र जास्त करतो. पाहण्याजोगा आकडा आहे तो ‘एअर डिलिव्हरी’चा. तो सीएमएममध्ये, म्हणजे दर मिनिटाला किती घनमीटर हवा, असा दिलेला असतो. १२०० मिमी स्वीपच्या (स्वीप म्हणजे पाती फिरताना होणाऱ्या वर्तुळाचा व्यास), अर्थात ४८ इंची पंख्यासाठी हा आकडा साधारणपणे २१० ते २३० असतो.

दुसरी चूक चांगल्या जाणकारांकडूनही होते. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर वीजबचतीचे तारांकन बंधनकारक झाले, आणि पाच तारे म्हणजे भरपूर हवा असा समज रूढ झाला. प्रत्यक्षात तारे ‘सर्व्हिस व्हॅल्यू’वर, म्हणजे सीएमएमला वॅटने भागून येणाऱ्या संख्येवर दिले जातात. २०२३ च्या निकषांनुसार १२०० मिमी आणि त्याहून मोठ्या पंख्याला किमान ४ असल्यास एक तारा आणि ६ किंवा अधिक असल्यास पाच तारे मिळत. २८ वॅटवर २०० सीएमएम देणारा आणि ३५ वॅटवर २३५ सीएमएम देणारा, असे दोन्ही पंखे त्या निकषांनुसार पाच ताऱ्यांचेच ठरत. पण भर दुपारी हॉलमध्ये बसणाऱ्याला दुसराच हवा. लहान पंख्यांसाठी ही मोजपट्टी सैल असल्यामुळे ९०० मिमीच्या पंख्याचे तारे १२०० मिमीच्या पंख्याशी ताडून पाहू नयेत.

वॅटचा हिशेब मात्र अवश्य करावा. जुना ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास चालला, तर महिन्याला २७ युनिट लागतात. ३० वॅटच्या बीएलडीसी (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या) पंख्याला सुमारे ११ पुरतात. चार पंख्यांच्या घरात महिना ६० युनिटांहून अधिक बचत होते, आणि महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने वाढत असल्याने ती वरच्या टप्प्यातून होते.

बीएलडीसी पंखा घेतल्यावर जुना रेग्युलेटर तसाच ठेवण्याची चूक माझ्या बहिणीच्या सिडकोतील घरी झाली होती. पंखा अडखळत फिरे आणि गुणगुणे. दोष पंख्याचा नव्हता. या पंख्याचा वेग आतील सर्किट ठरवते, म्हणून रेग्युलेटर काढून थेट जोडणी करून घ्यावी.

स्वीप खोलीप्रमाणे निवडावा: १० बाय १२ फुटांच्या खोलीला १२०० मिमी पुरतो. पंचवटीतील जुन्या वाड्यांमध्ये, जिथे तुळया खाली आलेल्या असतात, तिथे डाऊन रॉडची, म्हणजे पंखा छताला टांगणाऱ्या दांडीची, लांबी आधी मोजावी. पाती जमिनीपासून किमान ७ ते ८ फूट उंच असली पाहिजेत आणि छतालाही चिकटू नयेत, अन्यथा वरून हवा ओढायला जागाच राहत नाही.

जुना पंखा मंदावला, तर लगेच नवा घेऊ नका. वीज बंद करून पाते हाताने फिरवावे. ते सहज फिरत असेल, तर बहुधा कंडेन्सर (मोटरला जोडलेला छोटा कपॅसिटर) क्षीण झालेला असतो. तो स्वस्त असतो, पण होता त्याच क्षमतेचा बसवावा; ‘हवा वाढेल’ म्हणून २.५ मायक्रोफॅरडच्या जागी मोठा बसवल्यास वायंडिंग, म्हणजे मोटरमधील तारेचे वेटोळे, तापते. पाते अडत असेल, तर बेअरिंग पाहावे. बीएलडीसी पंख्यात बिघाड बहुतेकदा सर्किटमध्ये असतो आणि ते कोपऱ्यावरच्या वायरमनकडे मिळतेच असे नाही. तेव्हा सर्किटवर हमी किती वर्षांची आणि ते नाशिकमध्ये कुठे बदलून मिळेल, हे पैसे देण्यापूर्वीच विचारून घ्यावे.